एका डोळ्याचे मासे

नोकरीत असताना लोक विचारायचे, कॉलेजात काय काम करता. मी सांगायचो, मासे पाळतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला. विकता का? नाही. खाता? नाही, करंगळीच्या दोन पेरांएवढे मासे कोण खाईल. मग कायले पाळता? ह्याचं उत्तर बसस्टँडवर उभ्याउभ्या देण्यासारखं नव्हतं, म्हणून मी चहा मागवायचो. आता निवृत्त झालो आहे, घाई कसलीच नाही, तेव्हा नीट सांगतो.

मी मूळचा दारव्ह्याचा. यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. पंचवीस-तीस वर्षं फॉर्मालिनच्या बाटल्या उघडल्या, बेडूक मांडले, मुलांची जर्नलं तपासून ठेवली. त्या फॉर्मालिननं माझं नाक कामातून गेलं. घरी भाजी करपली तरी मला कळायचं नाही. ही नाकाची गोष्ट उगाच सांगत नाही, पुढं तिचा संबंध आहे.

निवृत्तीला काही वर्षं उरली होती तेव्हा पाठक मॅडम आल्या. यवतमाळच्याच. वडील कचेरीत मोठे कारकून. मॅडम शिकायला हैदराबादला गेल्या, तिथं माशांच्या गर्भावर काम केलं, आणि आईच्या दुखण्यामुळं गावी परतल्या. आल्या त्या महिन्यातच त्यांनी मागची अडगळीची खोली रिकामी करून घेतली, काचेच्या टाक्या लावल्या, आणि मला म्हणाल्या, "खोब्रागडे, आता बेडूक पुरे. आपण मेंदू कसा तयार होतो ते बघू."

काम असं. अंगावर निळे पट्टे असलेले हे मासे. संध्याकाळी नर आणि मादी एका डब्यात सोडायचे, मध्ये पारदर्शक पडदा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. अर्ध्या तासात खालच्या जाळीतून अंडी पडतात, खसखशीहून थोडी मोठी आणि काचेसारखी आरपार. ती बशीत घेऊन उबदार पेटीत ठेवायची. संध्याकाळपर्यंत गोळ्यावर शरीराची रेघ उमटते. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं, डोळे, शेपूट. आईच्या पोटात जे महिन्याभरात होतं ते इथं एका दिवसात, आणि तेही उघड्यावर.

मॅडमनी मला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून चोवीस तासांचा गर्भ दाखवला तेव्हा तो अंड्यात झटके देत होता. मी म्हणालो, जागा झाला. त्या म्हणाल्या, "नाही. मेंदूचा हुकूम अजून शेपटीपर्यंत पोचत नाही. शेपटी आपली आपणच हलते आहे." त्यानंतर कितीतरी सकाळी मी ती बशी पाहिली. साठ अंडी, एक इथं हलतं, एक तिथं हलतं, आणि हलवणारं आत अजून कोणी नाही. मला त्याची पूर्ण सवय कधी झाली नाही.

आता खरं काम. शरीराच्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. कुठं कोणतं जनुक चालू आहे यावर तिथं मेंदू होणार की डोळा की मणका हे ठरतं. ते बघायची आमची रीत अशी: गर्भ एका ठरलेल्या तासाला मारायचा, रंगहीन करायचा, त्यात एक असा धागा सोडायचा जो एकाच जनुकाच्या निरोपाला चिकटतो, आणि मग रंग चढवायचा. जिथं जनुक चालू होतं तिथं जांभळं दिसतं. तीन दिवसांचं काम, त्यातली निम्मी धुलाई. घाई केली की सगळा गर्भ जांभळा होतो आणि तीन दिवस वाया. माझा हात त्यात चांगला बसला होता. मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, रंगकाम खोब्रागड्यांचं. मला बरं वाटायचं.

आमचं लक्ष एका जनुकावर होतं. ते मेंदूच्या खालून अगदी मधोमध एका रेघेत चालू होतं. त्या रेघेचं काम मॅडमनी समजावलं तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो. आधी डोळ्याची जागा एकच असते, कपाळाच्या मधोमध. ह्या रेघेकडून निरोप आला की ती जागा दुभंगते आणि दोन डोळे होतात. "माशाचंच असं नाही," मॅडम म्हणाल्या. "आपलंही. तुम्ही, मी, सगळेच सुरुवातीला एका जागेचे."

उन्हाळ्यात एक दिवस बशी काढली आणि पहिलाच गर्भ एका डोळ्याचा दिसला. मधोमध. मला वाटलं आडवा पडलाय, म्हणून सुईनं फिरवला. फिरवला तरी एकच. पुढचाही तसाच. त्या बशीत निम्म्याहून जास्त तसे होते. हृदय चालू, शेपटी हलते, आणि कपाळात एक काळा गोल डोळा.

मॅडमना हाक मारली. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "जोडी वेगळी ठेवा. ह्यांच्या आईबापांना हात लावू नका."

त्यांना वाटलं, ह्या जोडीच्या रक्तातच बदल आहे. नवा बदल सापडणं म्हणजे त्यांच्या धंद्यात जन्माचं नाव. आम्ही रंगकाम केलं. जांभळी रेघ पुढच्या टोकाला फिकी होत तुटली होती. मॅडमनी हैदराबादच्या त्यांच्या जुन्या सरांना फोटो पाठवले.

पण ते नेमानं होईना. चार दिवस सगळे गर्भ चांगले, पाचव्या दिवशी बशीभर एकडोळे. तेही कधी ह्या जोडीचे, कधी त्या. मॅडम म्हणायच्या, आईबापांत लपलेला बदल असेल तर चौथा हिस्सा असे निघायला हवेत. कधी सगळेच निघतात, कधी एकही नाही, हे बसत नाही. तरी त्यांची आशा सुटली नव्हती.

बाबाराव आमचे शिपाई. त्यांनी दारातून आत येणं सोडलं. एकदा टाक्यांकडं न बघता मला म्हणाले, "भाऊ, एक बोलू का? तुमी सुट्टीवर होते त्या चार दिवसात मॅडमनंच अंडे ठेवले. सगळे दोन डोळ्याचे निघाले."

"मंग?"

"मंग काही नाही. म्या पाह्यलं ते सांगतलं."

मी नोंदवही काढली. खरंच होतं. ज्या दिवशी माझा हात लागला नव्हता त्या दिवशी एकही एकडोळा नव्हता.

आमच्या घरात उतारा, नजर, अंगारा असलं काही नाही. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं घराबाहेर काढलं. मी स्वतः व्याख्यानं दिली आहेत त्यावर. पण तेव्हा माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा लागला होता, आणि त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवायचा टाळला. ती म्हणाली, "बाबा, तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, ऊन लागलं. पंधरा दिवस मी तिच्याजवळ बसलो नाही. तिनं पाण्याचा पेला पुढं केला तर टेबलावर ठेवायला सांगायचो. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

उलगडा एका दुपारी झाला. टेबल पुसायला आम्ही स्पिरिट वापरायचो. ते पिचकारीच्या प्लास्टिक बाटलीत असे. तशाच दुसऱ्या बाटलीत साधं शुद्ध पाणी असे. उन्हाळ्यात बशांतलं पाणी आटायचं म्हणून दुपारी दोनच्या सुमारास मी त्यानं एक एक पिचकारी भर घालायचो. त्या दिवशी टेबल पुसलं आणि ते वाळेना. हाताला गारवाही लागला नाही. मी तिथंच थांबलो. म्हणजे ह्या बाटलीत पाणी होतं. मग त्या बाटलीत काय?

दोन्ही बाटल्यांवर मीच शाईच्या पेनानं नावं लिहिली होती. स्पिरिटच्या हातानं ती कधीच पुसून गेली होती, आणि हाताला येईल ती बाटली मी उचलत होतो. नाक असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. दुपारी दोन म्हणजे अंडी पडून सहा तास, नेमका तोच काळ जेव्हा ती मधली रेघ आखली जात असते. तेवढी एक पिचकारी पुरे होती.

मी खुर्चीवर बसून हसलो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मुलीशेजारी बसून जेवलो. आणि जेवतानाच आठवलं की मॅडमनी हैदराबादला फोटो पाठवले आहेत.

आठ दिवस मी बोललो नाही. रोज ठरवायचो आणि रोज मॅडम उत्साहानं नवं काही सांगायच्या. बाटल्या मी नीट केल्या होत्या, त्यामुळं नवे एकडोळे येणं थांबलं असतं. पण मग मॅडम विचारतील म्हणून मी एका बशीत मुद्दाम स्पिरिटची पिचकारी घातली. पहिली चूक बाटलीची होती. ही माझी होती.

त्याच आठवड्यात त्या दोघी आल्या.

बाबारावांनी एकडोळ्या माशाचा छोटा व्हिडिओ कोणाला तरी पाठवला होता आणि तो मोबाइलवरून फिरत पार झरी जामणीकडच्या गावात गेला होता. तिथून दोन बसगाड्या बदलून पार्वताबाई आणि त्यांची सून वैशाली आल्या. पार्वताबाई साठीच्या, उंच, काटक. सून बावीस-तेवीसची, मान खाली. दारात उभं राहून पार्वताबाईंनी मॅडमना विचारलं, "एका डोळ्याचे मासे इथंच हायेत न?"

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं. पार्वताबाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "हिले असंच लेकरू झालं. होळीच्या आधी. घरीच झालं, गाडी भेटली नाही. तुमच्या मशिनीत दिसते म्हणतात, असं कायनं होते ते. मले फक्त एवढं सांगा, हे कोणाकडून आलं. लोक म्हणतात हिले सोडा, दुसरी करा. मी अजून कोणाले हो म्हटलं नाही."

 मॅडम हळू आवाजात बोलू लागल्या. माणसाचं काही सांगता येत नाही, पण आमच्या माशांत हे आईबापांकडून आलेलं दिसतं आहे, असं काहीतरी. त्या सगळं जपून बोलत होत्या. पण पार्वताबाईंनी एकच शब्द धरला.

"आईकडून."

"आई आणि वडील, दोघांकडूनही येऊ शकतं."

"पहिलं नाव तुमी आईचं घेतलं, बाई."

वैशालीनं मान वर केली नाही. हातातल्या पिशवीचे बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी बशी हातात घेऊन उभा होतो. त्या बशीत मीच घातलेलं स्पिरिट होतं.

मी म्हणालो, "मॅडम, रक्ताचा काही संबंध नाही ह्यात. माझ्या हातून स्पिरिट पडत होतं. बाटल्या बदलल्या होत्या."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "कधीपासून माहीत आहे?"

"आठ दिवस."

"आणि ही बशी?"

"ही मी मुद्दाम केली."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पार्वताबाईच बोलल्या, माझ्याकडं वळून. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "मंग हिच्यात कोणाच्या हातून पडलं?"

 मॅडमनी चष्मा घातला आणि त्या बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आजी, मी मघाशी बोलले ते चुकीचं होतं. माशाला कशानं झालं ते आत्ता कळलं. तुमच्या नातवंडाला कशानं झालं ते मला माहीत नाही. कधी पेशीतली जनुकांची गाठोडी कमीजास्त होतात, कधी आईला साखरेचा आजार असतो. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. पण हिनं काही केलं म्हणून झालं, असं म्हणायला कसलाच आधार नाही. पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीला आणा. मी सोबत येईन."

तेव्हा वैशाली पहिल्यांदा बोलली. "मले पाहू द्या."

"काय?"

"मासा. मले दाखवलं नव्हतं कोणी. मी शुद्धीवर आली तं नेलं होतं."

मॅडम म्हणाल्या, मासा म्हणजे बाळ नव्हे, उगाच मनात बसेल. मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी दुसरीकडं मान वळवली, नाही असं म्हणाल्या नाहीत. मी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिला कसं बघायचं ते दाखवलं.

चार दिवसांचं पिल्लू होतं ते, अंड्यातून बाहेर आलेलं. तशा दिवशी डोळा हलायला लागतो. वैशाली वाकली आणि खूप वेळ हलली नाही. मी उजेड थोडा कमी केला.

"वर पाहून राह्यलं," ती म्हणाली.

मग थोड्या वेळानं, "काळीज चालू हाये."

आणि मग तिनं भिंगावरून डोळा न काढता विचारलं, "आत्याबाई, माहं असंच होतं का?"

पार्वताबाई इतका वेळ उभ्या होत्या, त्या आता बाकावर टेकल्या.  "नाक नव्हतं. डोळा असाच, मधात. पण केस होते, तुह्यासारखे. हातपाय चांगले होते. नखं होते."

"पोरगा म्हणत होते सगळे."

"पोरगी होती. घंटाभर होती. म्या मांडीवर घेतली होती."

वैशाली सरळ झाली. तिच्या डोळ्याभोवती सूक्ष्मदर्शकाचा गोल वळ उमटला होता. ती रडली नाही. सासूजवळ जाऊन बसली, आणि म्हणाली, "तुमी एकट्याच होत्या?" पार्वताबाईंनी मान हलवली. मी चहा सांगायला बाहेर गेलो. बाबाराव दाराशी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला म्हणाले, "मी आणतो."

त्या दोघी दुपारच्या बसनं एकत्रच गेल्या.

नंतर मॅडमनी बशीकडं बोट दाखवलं. एरवी काम झालं की पिल्लं बर्फाच्या पाण्यात टाकायची रीत. त्या म्हणाल्या, "राहू दे." ते पिल्लू आणखी दोन दिवस जगलं. ह्या पिल्लांना खाता येत नाही, तोंड नीट झालेलं नसतं.

हैदराबादला मॅडमनी त्याच संध्याकाळी कळवलं. उत्तर सभ्य होतं, असं त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या महिनाभर कामापुरतंच बोलल्या. तो महिना मला तीस वर्षांपेक्षा मोठा वाटला. मग एक दिवस त्यांनी दोन नव्या बाटल्या आणल्या, एक लाल झाकणाची, एक पांढऱ्या, आणि म्हणाल्या, "आता स्पिरिट मोजून घालू. किती घातलं की रेघ किती तुटते, ते तरी बघू." आम्ही ते काम दीड वर्ष केलं. छोटासा लेख झाला. त्यात माझं नाव आहे. ते कसं आलं हे आम्हा दोघांनाच माहीत.

माझ्या मुलीला मुलगा झाला. दवाखान्यात नर्सनं बाळ पुढं केलं तेव्हा मी आधी त्याचे डोळे पाहिले. बायको म्हणाली, आजोबा नाक कोणावर गेलं ते बघतात, तुम्ही डोळेच काय बघता.

निवृत्तीला महिना-दोन महिने असतील, पार्वताबाई पुन्हा आल्या. ह्या वेळी एकट्या. वैशालीला मुलगी झाली होती, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात, मॅडम सोनोग्राफीला खरंच सोबत गेल्या होत्या. मुलगी चांगली, अंगानं भरलेली. मला वाटलं, तेच सांगायला आल्या. ते त्यांनी सांगितलं, आणि तरी उठल्या नाहीत.

"तो मासा हाये का?" त्यांनी विचारलं.

"नाही. ते आता करत नाही आम्ही."

"चांगला असंन तो दाखवा."

मी चार दिवसांचं पिल्लू लावून दिलं. त्या दिवशी त्यांनी मशिनीत पाहिलं नव्हतं, म्हणून मी त्यांना कसं वाकायचं ते सांगितलं. त्यांनी पदर कानामागं घेतला आणि पाहिलं.

"याले दोन हायेत."

"हो."

"वैशालीले म्या सगळं सांगतलं. एक नाही सांगतलं." त्या अजून भिंगातच बघत होत्या. "मांडीवर होती तवा तिनं डोळा उघडला. माह्याकडंच पाह्यलं. म्या पदर टाकला तिच्या तोंडावर. मंग काढला नाही."

 मी जे खरं होतं ते सांगितलं. अशी बाळं जगत नाहीत, कोणीही काही केलं तरी जगत नाहीत, तुम्ही पदर टाकला नसता तरी तेच झालं असतं. अशा डोळ्याला दिसतं का, हेही कोणाला माहीत नाही.

पार्वताबाईंनी भिंगावरून तोंड काढलं आणि पदर नीट केला.

"जगली नसती, ते मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "पण पाहत होती न."